जुनवानीतले पाच वॉट

जुनवानीत येऊन आठ महिने झाले. भिलाईच्या कडेची ही वस्ती. एका बाजूला कॉलेजं आणि पोरांची हॉस्टेलं, दुसऱ्या बाजूला अजून टिकून असलेली थोडी भातखाचरं, आणि मधल्या रस्त्यावर संध्याकाळी गुपचुपच्या गाड्या. (पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. फौजी माणसाला नाव फार आवडतं.) एनसीसीची पोस्टिंग असल्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदाच संध्याकाळी सहानंतरचा वेळ माझ्या मालकीचा झाला आहे. सरकारी क्वार्टर मिळेना म्हणून भाड्याने वरचा मजला घेतला. दिवाणखाना बारा बाय चौदाचा, रस्त्यापासून आत. गाणं ऐकायला चांगली खोली आहे, हे सामान उतरवतानाच माझ्या लक्षात आलं आणि पत्नीच्या लक्षात आलं की ते माझ्या लक्षात आलं आहे.

पोस्टिंगमागून पोस्टिंगला बरोबर फिरलेला एक ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि दोन लहान स्पीकर एवढीच माझी गाण्याची दौलत. त्या ॲम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण कायम डावीकडे फिरलेलं असायचं. मुलगी सरळ करायची, मी परत डावीकडे फिरवायचो. "बाबा, गाणं एकाच बाजूने येतं," ती म्हणायची. मी म्हणायचो, डावा स्पीकर थोडा कमजोर आहे. हे इथे आत्ताच नोंदवून ठेवतो, पुढे लागणार आहे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं खूळ जुनं. आजोबांकडे मर्फी रेडिओ होता. तो लावला की लगेच बोलायचा नाही. आधी तापायचा. पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून केशरी उजेड दिसायचा, जळक्या धुळीचा वास यायचा, आणि मग कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा निवेदकाचा आवाज. पुढे खडकवासल्याला एनडीएत असताना एका रविवारच्या लिबर्टीत पुण्याच्या जुन्या बाजारात एका फळकुटावर काचेची बोटभर नळी दिसली. वर बीईएल लिहिलेलं आणि खाली ईएल 84. वीस रुपये दिले. ती कशात लावतात हे ठाऊक नव्हतं. पण बीईएल म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, आपल्याच फौजेचे वायरलेस सेट बनवणारी बंगळूरची कंपनी, एवढं कळत होतं. 1954 साली स्थापन झालेल्या या कारखान्याने 1961पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि पुढे देशभरातल्या रेडिओंत ते बसले, हे नंतर वाचलं. ती नळी मोज्यात गुंडाळून माझ्या काळ्या पेटीतून राजौरीपासून तेजपूरपर्यंत फिरली. एकदाही पेटवली नाही.

तर जुनवानीत ठरवलं की आता किट आणायचं आणि स्वतः जोडायचं. सवयीप्रमाणे वही काढून रीतसर अप्रिसिएशन लिहायला बसलो. एनडीएत आणि नंतरही हेच घोटून घेतलेलं असतं: उद्देश काय, अडचणी काय, मार्ग कोणते. उद्देश लिहिला, "उत्तम आवाज". मार्ग तीन होते. जपानी किट 300बी व्हॉल्व्हचं, बाजूला साधारण आठ वॉट. अमेरिकन किट 2ए3चं, साडेतीन वॉट. आणि चिनी किट ईएल 84च्या जातीच्या व्हॉल्व्हचं, प्रत्येक बाजूला एकच नळी, पाच वॉट. कोर्समेटला फोन केला. तो सिग्नल्सचा, त्याला कळेल म्हणून. तो खो खो हसला. "पाच वॉट? अरे माझा मोबाईलचा चार्जर वीस वॉटचा आहे!"

मी खचलो. दुसऱ्या दिवशी अप्रिसिएशनमध्ये चौथा मार्ग लिहिला: चार मोठ्या नळ्यांचा, चाळीस वॉटचा, घरभाड्याच्या कित्येक पट किमतीचा. आमच्यातला हा जुना दोष आहे. शंका आली की आम्ही तोफखाना मागतो.

इथे खालच्या मजल्यावरच्या काकांचा प्रवेश होतो. मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत, म्हणून दुर्गला आले. स्वतः काका 1970च्या सुमारास भिलाई स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यात अशी मराठी घरं बरीच. काही तर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आलेल्यांची. त्यांची मराठी वऱ्हाडी, त्यात हिंदी आणि थोडी छत्तीसगढी मिसळलेली. प्लांट रशियन मदतीने उभा राहिलेला, पहिली झोतभट्टी 1959ची, त्यामुळे काकांना रशियन अक्षरं वाचता येतात. त्यांच्या उमेदवारीच्या काळात तापमान नोंदवणाऱ्या यंत्रांत व्हॉल्व्ह असायचे म्हणे. ते बदलणं हे त्यांचं पहिलं काम.

माझी वही त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचली.

"साहेब, सगळं लिहिलं. स्पीकर कोणता, ते नाही लिहिलं."

"तो नंतर बघू, काका. आधी ॲम्प्लिफायर."

"मंग तुम्ही खोगीर आधी घेऊन राहिले अन् घोडा नंतर पाहून राहिले."

ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. तुमच्यापैकी कोणी या भानगडीत पडणार असेल तर निदान एवढं आधी वाचा. स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. आजकालच्या देखण्या छोट्या स्पीकरांचा तो 84 ते 87 असतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या, हलक्या कागदी शंकूच्या स्पीकरांचा 93, 95, क्वचित त्याहूनही जास्त. दहाचा तर फरक, त्यात काय, असं वाटतं. पण डेसिबलचा हिशेब वेगळा आहे. दर 3 डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. 86 आणि 95 मध्ये 9चा फरक, म्हणजे तीनदा दुप्पट, आठ पट. 95च्या स्पीकरला साडेतीन वॉट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढ्यासाठी 86च्या स्पीकरला 28 वॉट ओतावे लागतात. चाळीस वॉटचा माझा चौथा मार्ग हा खरं तर स्पीकरच्या आळसाचा दंड होता.

त्यातही एक चलाखी असते, तीही काकांनीच दाखवली. काही कंपन्या "एक वॉट" न लिहिता "2.83 व्होल्ट" लिहितात. 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे एक वॉटच. पण 4 ओहमच्या स्पीकरला तेच दोन वॉट होतात आणि कागदावर 3 डेसिबल फुकट वाढतात.

पॉल क्लिपश या माणसाबद्दल याच निमित्ताने वाचलं आणि फार जवळचा वाटला. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकन सैन्यात अधिकारी होता. नेमणूक आर्कान्सातल्या होप गावच्या दारूगोळा चाचणी केंद्रावर. दिवसभर तोफगोळ्यांचे धमाके, आणि रात्री आपल्या क्वार्टरमध्ये बसून खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्ण्याचा स्पीकर करायचा. 1946 साली त्याने त्याच गावात कंपनी काढली. त्याचा तो कोपऱ्यातला स्पीकर एका वॉटला शंभराच्या पुढे डेसिबल देतो. चांगला पाच वॉटचा ॲम्प्लिफायर हवा आहे, असं तो म्हणायचा, असं सांगतात. त्याच्या कानांचं काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पण किती वॉट लागतात हे वादाने कशाला ठरवायचं? मोजता येतं. काकांनी मल्टिमीटर आणला. पद्धत सोपी आहे. नेहमीची गाणी जितक्या मोठ्याने जास्तीत जास्त ऐकता तेवढा आवाज ठेवायचा आणि मग बटणाला हात लावायचा नाही. गाणं काढून त्याच मोबाईलवरून 120 हर्ट्झचा सरळ सूर वाजवायचा, रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीपेक्षा 12 डेसिबल खालचा. स्पीकरच्या दोन तारांवर एसी व्होल्ट मोजायचे. 12 डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये चार पट. म्हणून आलेल्या आकड्याला चारने गुणलं की गाण्यातल्या सर्वांत उंच क्षणाला लागणारे व्होल्ट मिळतात. मी मल्लिकार्जुन मन्सूर लावले, पत्नी स्वयंपाकघरातून "अहो, जरा कमी करा" म्हणेपर्यंत वाढवले. मीटरने 0.9 दाखवलं. चारने गुणून 3.6. त्याचा वर्ग भागिले 8 ओहम. 1.6 वॉट.

मी परत मोजलं. तबला दणदणीत असलेलं रेकॉर्डिंग लावून मोजलं. दोन वॉटच्या पुढे मी गेलोच नाही, आणि तेही माझ्या 88 डेसिबलच्या जुन्या स्पीकरवर. सरासरी आवाजाला तर वॉटचा दहावा हिस्साही लागत नव्हता. इतकी वर्षं मी साठ वॉटचं यंत्र पेटीतून वाहून नेत होतो आणि वापरत होतो दोन. पेशव्यांच्या पानिपतच्या लष्करातल्या बुणग्यांची आठवण झाली.

तेव्हा चौथ्या मार्गावर काट मारली. मग 300बी, 2ए3 की ईएल 84? पहिल्या दोन्ही मोठ्या घराण्यातल्या नळ्या. 2ए3 1933ची. 300बी 1938ची, सिनेमा थिएटरांच्या ॲम्प्लिफायरसाठी केलेली. आठ वॉटमध्ये अख्खं थिएटर भरायचे ते लोक, कारण पडद्यामागे माणूस मावेल एवढे कर्णे असायचे. या नळ्या ट्रायोड, आवाज अतिशय गोड, पण किटमध्ये फीडबॅक बहुधा नसतो, आणि मग ॲम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड सैल राहते. स्पीकरचे ओहम कागदावर 8 लिहिलेले असले तरी ते सगळ्या सुरांना 8 नसतात. खर्जात कुठे 30-40 पर्यंत चढतात, मधे कुठे 5 पर्यंत उतरतात. पकड घट्ट असली की त्याने बिघडत नाही. सैल असली की जिथे ओहम चढतात तिथे आवाजही फुगतो. तानपुऱ्याचा खर्ज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. म्हणजे अशा नळीला स्पीकरही फार निवडून द्यावा लागतो. शिवाय अमेरिकन किट तिकडच्या 120 व्होल्टचं आणि जपानी किटची किंमत घरात मोठ्याने वाचण्यासारखी नव्हती.

ईएल 84 ही साधी, घरगुती नळी. फिलिप्सने 1953च्या सुमारास काढली आणि जगभरच्या रेडिओंत गेली. जोडीला ईसीसी 83, थोडा फीडबॅक, पाच वॉट. किटमध्ये एक छोटा खटका होता. तो फिरवला की तीच नळी ट्रायोडसारखी चालते, वॉट दोनवर येतात, आवाज मऊ होतो. आणि नळी गेली तर आपल्या बीईएलच्या जुन्या ईएल 84 अजून लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ शोधणाऱ्याला मिळतात. सप्लाय लाइन ज्याची धड, तो मार्ग बरा.

किट निवडताना काकांनी नळ्यांकडे पाहिलंच नाही. "वजन किती?" एवढंच विचारलं. खरा पैसा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात असतो. एका नळीच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी करंट सतत वाहतो. लोखंड त्याने संपृक्त होऊ नये म्हणून गाभ्यात फट ठेवावी लागते, आणि फट ठेवली की खर्ज टिकवायला लोखंड जास्त लागतं. दोन किटं सारख्याच किमतीची होती. एकाचं वजन पाच किलो, दुसऱ्याचं साडेनऊ. चमकणारं पाच किलोचं सोडून कळकट दिसणारं साडेनऊ किलोचं मागवलं. पोलादाच्या गावात राहून लोखंडावर कसली काटकसर?

स्पीकरसाठी आठ इंची कागदी शंकूचे, मधे छोटा दुसरा शंकू असलेले ड्रायव्हर पुण्याहून आणवले. 94 डेसिबल, 8 ओहम. आत क्रॉसओव्हर नाही, त्यामुळे ओहमचा चढउतारही बेताचा. सुपेल्याच्या एका सुताराने 18 मिलिमीटरच्या प्लायवूडची साठ लिटरची दोन खोकी करून दिली. त्याला कपाटाचीच सवय, म्हणून विचारलं, "साहब, भोक कशाला? उंदीर जाईल." भोक खर्जासाठी आहे, हे त्याला मी पटवू शकलो नाही. त्याने आपल्या समाधानासाठी आतून जाळी ठोकली.

जोडणीला तीन आठवडे लागले, रोज रात्री नऊ ते अकरा. त्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त एक गोष्ट. या यंत्रात तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. रेंजवर फायरिंग संपलं की रायफल खाली आहे हे माहीत असलं तरी आपण बोल्ट ओढून दाखवतो ना, तसं प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आधी मल्टिमीटर लावून शून्य बघायचं. आणि चालू यंत्रात मोजायचं तर डावा हात खिशात. हा नियम काकांचा. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीवर पांढरा डाग आहे. तो कसा पडला हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसरी अडचण इथल्या विजेची निघाली. किट 220 व्होल्टचं. रात्री दहानंतर आमच्या घरात मीटर 246 दाखवतो. म्हणजे नळीच्या फिलामेंटला 6.3 व्होल्टच्या जागी 7च्या वर. नळ्या दहा टक्क्यांपर्यंत सोसतात, हे त्याहून जास्त झालं. काकांनी भंगारातला 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून मेन्समधून 24 वजा केले. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मी काळ्या पेटीतून जुन्या बाजारातली बीईएलची नळी काढली. निदान एका बाजूला ती लावू या म्हटलं. काकांनी उजेडात धरली आणि परत माझ्या हातात दिली. नळीच्या डोक्यावर आतून चंदेरी लेप असतो. तो पांढरा पडला की समजायचं आत हवा शिरली. माझा पांढराफटक होता. पंचवीस वर्षं मी मेलेली नळी मोज्यात गुंडाळून सांभाळत होतो. ती आता परत पेटीत आहे.

किटमधल्याच नळ्या लावल्या. अर्धा मिनिट काही नाही, मग तोच केशरी उजेड, आणि मग तानपुरे. कुमार गंधर्व. खोलीत कोणी काही बोललं नाही. पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. पोळी तव्यावर करपली तरी तिथेच होती.

दहा मिनिटांनी मी म्हणालो, "काका, डावी बाजू मंद आहे."

नव्या ॲम्प्लिफायरला बॅलन्सचं बटण नव्हतं. कुमारजी मधोमध न बसता उजवीकडे सरकून बसले होते आणि डावीकडच्या तानपुऱ्याची जवारी गायब होती. नुसतं घुं घुं. मी फॉल्ट शोधायला घेतला. डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल. दोष डावीकडेच. मोबाईलकडून येणाऱ्या तारांची अदलाबदल. डावीकडेच. मग ईसीसी 83 बदलली, सगळे सोल्डर पुन्हा तापवले, स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या. शेवटी साठ लिटरची ती दोन्ही खोकी उचलून एकमेकांच्या जागी ठेवली. दोष डावीकडेच. डाव्या बाजूला खिडकी आहे, पडदा आवाज खात असेल म्हणून पडदा काढला. हे तीन रात्री चाललं. मुलगी म्हणाली, "बाबा, मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय." तिला म्हटलं, तुझा कान अजून तयार नाही.

तिसऱ्या रात्री काका बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, "साहेब, सगळं फिरवून पाह्यलं. एक राहिलं. खुर्ची फिरवा."

मी स्पीकरांकडे पाठ करून बसलो. आता माझ्या डाव्या हाताला उजवा स्पीकर होता, ज्याला मी तीन दिवस चांगला म्हणत होतो. तो मंद झाला होता. आणि माझ्या उजवीकडे डाव्या स्पीकरमधून तानपुऱ्याची जवारी लख्ख वाजत होती.

मी बराच वेळ पाठ करूनच बसलो. त्यांच्याकडे तोंड करायची इच्छा होत नव्हती. काकांनी ॲम्प्लिफायर बंद केला आणि "उद्या येतो" म्हणून खाली गेले.

माहीत नव्हतं असं नाही. उजव्या खांद्यावर रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. रायफलचा एक बार कानापाशी 150-160 डेसिबलचा, आणि 84 मिलिमीटरचा रॉकेट लाँचर, आमची कार्ल गुस्ताफ, 180च्या आसपास. लेफ्टनंट असताना एका दिवशी मी तिचे ठरल्यापेक्षा जास्त राउंड टाकले, आणि कानात बोळे न घालता, कारण जवान बघत होते. त्या रात्री कानात किर्र सुरू झालं. ते कधी थांबलं नाही. मी त्याला रातकिडा म्हणतो. सियाचीनच्या बेस कॅम्पला, जिथे रातकिडा असणं शक्य नाही, तिथेही तो होता.

दरवर्षीच्या मेडिकलला कान तपासतात. 610 सेंटिमीटरवरून डॉक्टर आकडे कुजबुजतो, एक कान दाबून दुसऱ्याने ऐकून सांगायचे. डाव्या कानाचे आकडे मी गेली काही वर्षं अर्धे ऐकून आणि अर्धे अंदाजाने सांगत होतो. अंदाज चांगला होता. फौजेत आपली तब्येत पाच अक्षरांत लिहितात, शेप. त्यातलं दुसरं एच, म्हणजे श्रवण. सगळीकडे एक असेल तर शेप-वन. त्यातल्या एकाचं दोन झालं की पुढच्या पोस्टिंगचे काही दरवाजे अलगद बंद होतात. मला परत वर, डोंगरात जायचं होतं. अजूनही जायचं आहे.

ऑडिओग्रामचा कागद मी पत्नीला दाखवला. उजव्या कानाची रेघ जवळजवळ सपाट. डाव्याची 2000 हर्ट्झपर्यंत ठीक आणि 4000वर दरीत कोसळलेली, 55 डेसिबल. पियानोची सगळ्यात वरची पट्टी साधारण तिथेच. जवारी तिथली, आणि स, श, फ, ट यांची धारही तिथली. ती कागदाकडे बघत राहिली. जेवताना ती माझ्या डावीकडे बसते, लग्न झाल्यापासून. "म्हणजे," ती म्हणाली, "मी इतकी वर्षं म्हणत होते की हे मुद्दाम ऐकत नाहीत." पुढे काही बोलली नाही. त्या रात्री तिने आपलं ताट उचलून उजवीकडे ठेवलं.

जे गेलं ते बॅलन्सच्या बटणाने येत नाही. बटण सगळाच आवाज वाढवतं, मला फक्त वरचा हवा आहे. पण अशा स्पीकरांचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा असतो, समोर तेज आणि बाजूला फिका. म्हणून डावा स्पीकर थेट माझ्या कानाकडे वळवला आणि उजवा सरळ भिंतीकडे बघत ठेवला. मुलीने फरशीवर खडूने खुणा केल्या, "बाबांचं" आणि "बाकी सगळ्यांचं". पाहुणे आले की ती पायाने खोकी दुसऱ्या खुणेवर सरकवते. कुमारजी आता जवळजवळ मध्ये येऊन बसले आहेत. जवारी अर्धी येते. ट्रायोडचा खटका मी वापरत नाही. मला मऊपणा आणखी नको आहे.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उरलं आहे ते जपा, मोठ्याने काही ऐकू नका. मी म्हटलं, माझ्याकडे पाचच वॉट आहेत. त्यांना विनोद कळला नाही.

कागद मी योग्य त्या ठिकाणी दिला आहे. बोर्ड पुढच्या महिन्यात. एनसीसीच्या कॅडेट्सची फायरिंग असते तेव्हा मी इअरप्लगचा डबा बरोबर नेतो आणि ते कानात गेलेले बघितल्याशिवाय पहिला डिटेल झोपू देत नाही. पॉइंट टू-टूला कशाला, असं एक पीआय स्टाफ म्हणाले. मी त्यांना डब्यातली एक जोडी दिली.

काका गुरुवारी येतात. परवा त्यांनी पुन्हा मल्टिमीटर लावला. तोच सूर, तीच पद्धत. 0.4 व्होल्ट.

"चार चोक सोळा," काका पुटपुटले. "एक पॉइंट सहा. वर्ग केला, आठानं भागलं... साहेब, अर्धा वॉटही नाही लागून राहिला. तुमच्या पंख्याचा आवाज याच्याहून जास्त आहे."

बाहेर 43 डिग्री होतं. पत्नी माझ्या उजवीकडून म्हणाली, पंखा बंद होणार नाही.